पडद्यावरचे पाहुणे आणि आमच्या गल्लीतले प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील मुलाखतीच्या कार्यक्रमात एखादा नामवंत पाहुणा येऊन गेला, की दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल जी चर्चा होते ती फार थोड्या वेळा त्याच्या उत्तरांबद्दल असते. बहुतेक वेळा ती त्याच्या वागण्याबद्दल असते. सूत्रसंचालकाला त्याने मध्येच तोडले का, समोर नसलेल्या माणसाबद्दल तो कोणत्या सुरात बोलला, पडत्या काळात ज्यांनी घरी जेवायला बोलावले त्यांची आठवण त्याने आपणहून काढली की विचारल्यावर काढली, या गोष्टी प्रेक्षक मनात टिपून ठेवतात आणि त्यांवरून निवाडा करतात. मनोरंजनाच्या पुरवण्यांत या निवाड्याची बोळवण ‘चाहत्यांच्या प्रतिक्रिया’ अशा दोन ओळींत होते. मला तो पुष्कळ गंभीर वाटतो, आणि अलीकडे हे कार्यक्रम ज्या रीतीने लोकांपर्यंत पोचवले जातात त्यामुळे तो करण्याची संधीच प्रेक्षकांकडून हिरावली जात आहे, अशी माझी तक्रार आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. इथे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांची वस्ती मोठी आहे. पुरुष यंत्रमागावर किंवा टॉवेल-चादरीच्या कारखान्यात आणि बायका घरी विडी वळण्याच्या कामात, अशी अनेक घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची घडी आहे. आमच्या गल्लीत संध्याकाळी दारे उघडी असतात आणि ज्या घरातला टीव्ही मोठा, त्या घरी दोन-तीन शेजारणी आपापले सूप घेऊन बसतात. सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची कापलेली पाने आणि बोटाशी दोऱ्याचे रीळ. पान तळहातावर घ्यायचे, चिमूटभर तंबाखू त्यात पसरायची, अंगठ्याने वळायची, दोरा गुंडाळायचा आणि तोंड दुमडून बंद करायचे, हे काम इतके सवयीचे झालेले असते की बोलणे आणि हात एकाच वेळी चालतात. तरीही नजर मात्र पानावरच ठेवावी लागते, कारण वळण सैल राहिले तर कारखान्यात तपासणारा माणूस विडी बाजूला काढतो आणि तेवढी मजुरी बुडते.

म्हणजे या बायका मुलाखत पाहत नाहीत, ऐकतात. पाहुण्याचे कपडे, मंचावरचा भव्य सोफा, पार्श्वभूमीला फिरणारे दिवे, यांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यांना ऐकू येतो तो आवाज. पाठ केलेली आठवण कोणती आणि बोलता बोलता वर आलेली कोणती, हे त्यांना माझ्याआधी कळते, असे मी अनेकदा पाहिले आहे. एखादी अभिनेत्री आपल्या संघर्षाची गोष्ट सांगत असते, शब्द सगळे जागच्या जागी असतात, आणि सुपावरचे हात एका लयीत चालूच राहतात. मग तीच अभिनेत्री आईच्या आजारपणाबद्दल बोलताना एका वाक्यावर अडखळते, वाक्य अर्धेच सोडते, आणि समोरच्या तिन्ही सुपांवरचे हात थांबतात. माना वर होतात. टाळ्या किती पडल्या यापेक्षा ही खूण मला भरवशाची वाटते.

स्टुडिओतल्या टाळ्यांबद्दल तर बोलायलाच हवे. अशा कार्यक्रमांचे चित्रीकरण पडद्यावर दिसते त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ चालते आणि संकलनात त्यातला निवडक भाग उरतो. समोर बसलेल्या प्रेक्षकांना टाळ्या कधी वाजवायच्या याची खूण केली जाते. हसणाऱ्या किंवा डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाचे दृश्य ज्या वाक्यानंतर दिसते त्याच वाक्याला तो हसला किंवा रडला असेल, असेही नाही. संकलकाला सोयीचे ठिकाण मिळाले की ते तिथे बसवता येते. पाहुण्याशी आधी बोलून कोणते किस्से निघतील याची टिपणे संशोधन करणाऱ्यांनी काढलेली असतात. यात काही पाप आहे असे मी म्हणणार नाही, कारण तासन्‌तास चाललेले बोलणे जसेच्या तसे दाखवले तर ते कोणी पाहणार नाही. पण पडद्यावर दिसणारी प्रतिक्रिया हीही कार्यक्रमाचाच एक रचलेला भाग आहे, आणि खऱ्या प्रतिक्रियेसाठी घराघरांतच जावे लागते. टीआरपीचा आकडाही तिथपर्यंत पोचत नाही. ‘बार्क’ ही संस्था २०१५ पासून निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून प्रेक्षकसंख्येचा अंदाज देते; त्यातून किती लोकांनी पाहिले हे समजते, पण संतापून पाहिले की भारावून, हे समजत नाही.

नामवंतांना घरात बसून ऐकण्याची ही सवय आपल्याकडे जुनी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा चित्रपट कलावंतांच्या मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला, तो १९९३ पर्यंत चालला. त्या काळी नट किंवा नटी पडद्यावर भूमिकेबाहेर दिसणे हीच मोठी नवलाई होती. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका त्या कार्यक्रमाबद्दल बोलत तेव्हा कोणी काय सांगितले यापेक्षा ‘किती साधी बोलली’ किंवा ‘किती आढ्यतेने बसली होती’ असेच बोलत. माणसाची पारख करण्याची ही रीत लग्नासाठी आलेल्या स्थळाला पाहण्याच्या रीतीहून फारशी वेगळी नाही, आणि मला तीत काही कमी दर्जाचे वाटत नाही. ज्या माणसाला आपण कधी भेटणार नाही त्याच्याबद्दल मत बनवायचे तर त्याचे बोलणे-चालणे हाच एक पुरावा हाती असतो.

पुढे १९९७ मध्ये सिमी गरेवाल यांचा इंग्रजी कार्यक्रम आला. तो इंग्रजीत असल्यामुळे आमच्या भागात फार थोड्यांनी पाहिला, परंतु १९९९ मधली जयललिता यांची मुलाखत वर्षानुवर्षे लोकांच्या पाहण्यात राहिली आहे. कठोर, अंतर राखून असणाऱ्या मुख्यमंत्री अशी ज्यांची ख्याती, त्या जयललिता त्या मुलाखतीत एकाकी बालपणाबद्दल बोलल्या आणि सिमी यांच्या आग्रहाखातर एका जुन्या हिंदी चित्रपटगीताच्या ओळी लाजत लाजत गायल्या. त्यांच्या राजकारणावर टीका करणारेही ते पाहून क्षणभर नरमतात. त्या मुलाखतीत सिमी यांनी केलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या थांबल्या. प्रश्न विचारून झाल्यावर समोरच्या माणसाला वेळ दिला. सूत्रसंचालकाने थांबायचे कुठे हे ओळखले, तर पाहुणा स्वतःहून उलगडत जातो आणि प्रेक्षकालाही त्याच्याविषयीचे मत बदलण्याची सवड मिळते.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर अशा कार्यक्रमांवरची सर्वांत उत्कट प्रतिक्रिया मी २०१६ मध्ये अनुभवली. ‘सैराट’ त्या वर्षी २९ एप्रिलला प्रदर्शित झाला आणि त्याच्या आगेमागे सारा चमू मराठी वाहिन्यांवर दिसू लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. मुलाखतीत रिंकू जशी घरी बोलत असेल तशीच बोलत होती. पुण्या-मुंबईच्या मंचावर आली म्हणून तिने हेल बदलला नाही. आमच्या ओळखीच्या घरांतून त्या दिवसांत एकच वाक्य ऐकू येई, ‘आपल्यासारखंच बोलतीया की पोरगी.’ अभिनयाचे कौतुक नंतर. राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला होता, तेही नंतर. टीव्हीवर आपल्या बोलण्याची नक्कल फक्त विनोदी पात्रांच्या तोंडी ऐकत आलेल्या माणसांना ते बोलणे पाहुण्याच्या सन्मानाच्या खुर्चीतून ऐकायला मिळाले, याचा तो आनंद होता. मी शाळेत ज्या वर्गाला शिकवते त्यातल्या मुली त्या आठवड्यात उत्तर द्यायला अधिक धिटाईने उभ्या राहत होत्या असे मला जाणवले, आणि तो माझा भास नव्हता असेच मी आजही मानते.

अतुल कुलकर्णी यांच्या मुलाखतींबद्दलची प्रतिक्रिया वेगळी असते. त्यांचे शिक्षण इथल्या हरिभाई देवकरण प्रशालेत झाले आणि ‘नाट्य आराधना’ या सोलापुरातल्या संस्थेतून ते रंगभूमीवर आले. सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला आहे. ते मुलाखतीत बोलू लागले की इथली नाटकवेडी मंडळी आवाज वाढवतात आणि सोलापूरचा उल्लेख येतो का, याची वाट पाहतात. उल्लेख आला तर समाधान, नाही आला तर थोडी हळहळ. गावाची ही अपेक्षा भाबडी आहे असे काहींना वाटेल. मला ती रास्त वाटते. इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाच्या खुर्च्यांत बसून ज्यांनी होतकरू नटांना पहिल्यांदा टाळ्या दिल्या, त्यांना आपली आठवण निघावी असे वाटणारच.

‘चला हवा येऊ द्या’ हा २०१४ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम खरे तर विनोदी प्रहसनांचा, पण त्यातही पाहुणे येत आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती त्यातली पत्रे. अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे पोस्टमनच्या वेशातले सागर कारंडे वाचत, आणि हसण्याच्या तयारीने बसलेले पाहुणे डोळे पुसू लागत. आमच्या गल्लीत त्या वेळी हात थांबत ते पत्रासाठीही आणि पाहुण्यासाठीही. कोण ऐकत होते आणि कोण कॅमेरा आपल्याकडे वळण्याची वाट पाहत होते, यावर नंतर बराच वेळ बोलणे चाले. एका अक्कांचे म्हणणे असे, की माणूस बोलताना खोटे वागू शकतो, पण ऐकताना खोटे वागणे फार अवघड असते. मुलाखतीच्या कार्यक्रमांबद्दल इतके नेमके विधान मी कोणा समीक्षकाच्या लेखातही वाचलेले नाही.

या सगळ्या पारखीसाठी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सलग संभाषण. नेमके तेच आता दुर्मीळ होत चालले आहे. मुलाखत प्रसारित होण्याच्या आधी दोन-तीन दिवस तिचे तुकडे मोबाइलवर फिरू लागतात. तुकडा निवडणाऱ्याचा हेतू उघड असतो: वाद वाटावा, पाहुणा चिडला असे वाटावे, कोणीतरी कोणाला तरी बोलले असे वाटावे. शेजारच्या अक्कांची नात महाविद्यालयात शिकते. एका अभिनेत्रीने सूत्रसंचालकाला ‘तुम्हाला हे विचारायचा अधिकार नाही’ असे सुनावल्याचा तुकडा तिने दुपारी पाहिला आणि ती अभिनेत्री किती उद्धट आहे, हे संध्याकाळपर्यंत घरभर सांगून झाले. रात्री अक्कांनी संपूर्ण भाग ऐकला. ते वाक्य त्या अभिनेत्रीने लहानपणी आपल्या वडिलांना म्हटले होते आणि तोच किस्सा ती हसत हसत सांगत होती. आजीने नातीला बोलावून घेतले आणि हातातली विडी तशीच धरून विचारले, ‘आता काय म्हणतीस?’ नात म्हणाली, ‘पण आजी, सगळ्यांनी तेवढंच पाहिलंय.’ तिच्या उत्तरातच सगळी अडचण आली. त्या अभिनेत्रीबद्दल ज्या हजारो लोकांचे मत दुपारीच तयार झाले, त्यांच्यापैकी रात्री भाग पाहायला किती जण बसले असतील?

तुकड्याने नेहमी अन्यायच होतो, असेही नाही. ‘कॉफी विथ करण’च्या चौथ्या पर्वात आलिया भट्ट हिने राष्ट्रपती कोण या प्रश्नाला पृथ्वीराज चव्हाण असे उत्तर दिले; तेव्हा प्रणव मुखर्जी राष्ट्रपती होते आणि चव्हाण आपल्या राज्याचे मुख्यमंत्री. महाराष्ट्रात त्यावर अधिकच हसू उसळले आणि पुढे कित्येक महिने तिच्या बुद्धीवरचे विनोद थांबले नाहीत. उत्तर चुकीचे होते, आणि एकदा हसणे स्वाभाविक होते. पण विशीतल्या एका मुलीला महिनोन्‌महिने मूर्ख ठरवत राहणे क्रूरपणाचे होते. तिने २०१४ मध्ये ‘एआयबी’ या विनोदी गटाच्या व्हिडिओत स्वतःच त्या प्रसंगावर अभिनय करून विषय संपवला, हे तिचे मोठेपण. याउलट जानेवारी २०१९ मध्ये त्याच कार्यक्रमात हार्दिक पांड्या बायकांबद्दल ज्या बढाईखोर रीतीने बोलला, ते सलग पाहिले तरी सौम्य होत नव्हते. त्याला आणि के. एल. राहुल याला क्रिकेट मंडळाने ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले, तो भाग हॉटस्टारवरून काढून टाकण्यात आला, आणि एप्रिलमध्ये मंडळाचे लोकपाल डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला; त्यातले १० लाख निमलष्करी दलांतील हुतात्मा झालेल्या १० जवानांच्या कुटुंबांसाठी आणि १० लाख अंधांच्या क्रिकेट संघटनेसाठी होते. आमच्या गल्लीत तो कार्यक्रम कोणी पाहत नाही, पण बातम्यांतून तो प्रकार पोचला तेव्हा ज्यांच्या घरी वयात आलेले मुलगे आहेत त्या बायका अधिक अस्वस्थ झाल्या होत्या. आपल्या पोरांच्या खोलीत ज्याचे छायाचित्र लावले आहे तो असे बोलतो, याचा त्यांना धक्का होता. दंडाची रक्कम ऐकून कोणालाही समाधान झाले नाही. त्याची आई काय म्हणाली असेल, हा त्यांचा प्रश्न होता.

राजकीय पाहुण्यांबद्दल मात्र मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण तिथे प्रतिक्रिया दोन पातळ्यांवर चालते. ‘खुपते तिथे गुप्ते’चे नवे पर्व जून २०२३ मध्ये सुरू झाले तेव्हा अवधूत गुप्ते यांच्या समोर पहिले पाहुणे राज ठाकरे होते आणि त्यानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आले. आदल्या वर्षी सुबोध भावे यांच्या ‘बस बाई बस’मध्ये सुरुवातीच्या पाहुण्यांत सुप्रिया सुळे होत्या आणि तिथे समोर बसलेल्या बायका प्रश्न विचारत. असे भाग आमच्याकडे आवर्जून ऐकले जातात. नेता घरात कसा वागतो, बायको त्याला काय म्हणते, लहानपणी मार खाल्ला का, हे ऐकायला सगळ्यांना आवडते आणि विरोधी पक्षाला मत देणारीही हसते. पण भाग संपला आणि दूरदर्शन संच बंद झाला की दुसरी प्रतिक्रिया सुरू होते. ‘बोलतो चांगला,’ एकजण म्हणते. ‘हां, पण आमच्या मजुरीचं कुणी इचारलं का त्याला?’ दुसरी म्हणते. हजार विड्यांमागे हाती काय पडते, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत नाव चुकले तर किती खेटे घालावे लागतात, डोळे आणि पाठ चाळिशीतच का जातात, हे प्रश्न त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारता आले असते. सूत्रसंचालकाला ते ठाऊक नसतात, आणि ठाऊक असले तरी त्या मंचाला ते शोभणार नाहीत असे वाहिनीला वाटत असावे.

काही मित्रांचे म्हणणे असे, की करमणुकीच्या कार्यक्रमाकडून एवढी अपेक्षा करू नये; कठीण प्रश्नांसाठी बातम्यांच्या वाहिन्या आहेत. मला हे पटत नाही. बातम्यांच्या वाहिन्यांवर आठ चौकटींत आठ माणसे एकाच वेळी ओरडत असतात आणि तिथे कोणाचेच ऐकू येत नाही. एक माणूस, एक खुर्ची आणि सावकाश चाललेले संभाषण हे आज फक्त करमणुकीच्या कार्यक्रमातच उरले आहे. ज्या मंचावर नेता सैल होऊन बसतो त्याच मंचावर एक साधा, आदराने विचारलेला, पण टाळता न येणारा प्रश्न आला, तर तो कसा ऐकतो हे प्रेक्षकांना पाहता येईल. ‘बस बाई बस’मध्ये प्रश्न विचारण्यासाठी बायका समोर बसवल्या होत्या, हे योग्य दिशेचे पाऊल होते, पुढच्या वेळी त्यांच्यात सोलापूरची एक विडी कामगार, इचलकरंजीची एक यंत्रमागावरची आणि ऊसतोडीला जाणारी बीडची एक, अशा बायका असाव्यात आणि त्यांचे प्रश्न आधी तपासून गुळगुळीत केले जाऊ नयेत.

वाहिन्यांकडे माझे आणखी एक मागणे आहे, आणि ते त्यांना परवडण्यासारखे आहे. मुलाखत प्रसारित झाल्यावर तिचे संपूर्ण ध्वनिचित्रमुद्रण, निदान संकलनात कापलेल्या महत्त्वाच्या भागांसह, सहज सापडेल अशा ठिकाणी विनामूल्य ठेवावे, आणि मोबाइलवर फिरवल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या भागातला, कितव्या मिनिटाचा आहे हे लिहावे. ज्याला शहानिशा करायची आहे त्याला ती करता येईल. अक्कांच्या नातीने हल्ली तुकडा आला की आजीला विचारायला सुरुवात केली आहे, ‘रात्री लागणार आहे का हे?’ लागणार असेल तर ती थांबते, आणि लागणार नसेल तर तुकडा पुढे पाठवते.